चौदा काळ्या फिती आणि बुडालेला हंगाम

१८ ऑक्टोबर १९६९, शनिवार. अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या लॅरामी या गावी वायोमिंग विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संघाचा ४० विरुद्ध ७ असा धुव्वा उडवला. हंगामातला हा सलग पाचवा विजय होता. घरचे मैदान होते, प्रेक्षक खूष होते. नुसता गुणफलक पाहणाऱ्याला यात काहीच वावगे दिसणार नाही. पण त्या दिवशी वायोमिंगच्या संघात एकही काळा खेळाडू नव्हता. आदल्या दिवशी सकाळपर्यंत चौदा होते.

त्या चौदाजणांचे काय झाले, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. आमच्याकडे हा खेळ कोणी खेळत नाही, कोणी पाहत नाही, मग या पानावर त्याचे काय काम, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की लेख पुरता वाचावा. खेळ परका असला तरी त्या मैदानावर जे घडले त्यातले काहीच आपल्याला परके नाही.

आधी खेळाविषयी दोन शब्द. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. यात चेंडू अंड्याच्या आकाराचा असतो आणि तो पायापेक्षा हातानेच जास्त खेळवला जातो. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाड पट्टे, आणि अकराजणांची अकराजणांशी अंगाला अंग भिडवून टक्कर. अमेरिकेत हा खेळ विद्यापीठांतून वाढला. सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी एक सामना, असा त्या काळी दहा-अकरा सामन्यांचा हंगाम असे. सामने थोडे असल्याने एखाद-दुसरा पराभवही वर्षाची कमाई घालवतो. चांगल्या संघांना वर्षअखेरीस 'बाउल' नावाच्या मानाच्या सामन्यांची निमंत्रणे येतात, त्यातून विद्यापीठाला पैसा आणि नाव मिळते. खेळाडूला मात्र त्या काळी पगार नव्हता. शिक्षणाचा आणि राहण्याजेवणाचा खर्च भागवणारी शिष्यवृत्ती मिळे, आणि ती पुढे चालू राहायची तर प्रशिक्षकाची मर्जी सांभाळावी लागे. गरीब घरच्या काळ्या मुलासाठी विद्यापीठाचे दार उघडणारी हीच एक किल्ली असे. किल्ली कोणाच्या खिशात होती, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे सारे समजते.

वायोमिंगमध्ये ती किल्ली लॉइड ईटन या प्रशिक्षकाच्या खिशात होती. माणूस कर्तबगार होता, हे मान्य केले पाहिजे. १९६६, १९६७ आणि १९६८ अशी सलग तीन वर्षे त्याच्या संघाने आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले. १९६७च्या हंगामात दहापैकी दहा सामने जिंकले आणि १ जानेवारी १९६८ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बाउलपर्यंत मजल मारली. तिथे लुइझियाना स्टेटकडून २०-१३ अशी हार झाली, तरी समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांवरच्या, वस्ती विरळ असलेल्या एका राज्याचा संघ देशभर गाजला. आता हा संघ गाजवला कोणी? ईटनने दूरदूरच्या शहरांतून काळे खेळाडू हेरून आणले होते. वायोमिंगमध्ये काळ्यांची वस्ती नगण्य होती. मैदानाबाहेर ही मुले एकटी पडत. मेल हॅमिल्टन हा त्यांतलाच एक. एका गोऱ्या मुलीशी आपण लग्न करणार होतो, तेव्हा ईटनने आडकाठी केली आणि शिष्यवृत्तीचा पैसा राज्यातल्या लोकांचा आहे याची आठवण करून दिली, असे त्याने पुढे सांगितले आहे. चेंडू कोणाकडे फेकायचा हे प्रशिक्षकाने सांगावे, ते ठीक आहे. संसार कोणाशी थाटायचा हेही त्यानेच सांगायचे?

या वायोमिंग राज्याचे बिरुद आहे 'समतेचे राज्य'. १० डिसेंबर १८६९ रोजी तिथल्या विधिमंडळाने स्त्रियांना मतदानाचा हक्क देणारा कायदा केला. अमेरिकेत तो पहिला. त्याबद्दल वायोमिंगच्या लोकांना अभिमान वाटला तर तो रास्तच आहे. आम्ही सांगतो आहोत तो प्रसंग त्या कायद्याच्या शताब्दी वर्षातला आहे.

१९६९चा हंगाम झोकात सुरू झाला. पहिले चारही सामने जिंकून वायोमिंग देशात बाराव्या क्रमांकावर पोहोचले. पाचवा सामना ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी. हे विद्यापीठ शेजारच्या युटा राज्यात प्रोव्हो येथे आहे आणि ते मॉर्मन पंथाच्या चर्चच्या मालकीचे आहे. खरी गोष्ट इथून सुरू होते.

मॉर्मन पंथात पौरोहित्य हा काही मोजक्या धर्मगुरूंचा धंदा नाही. पंथातल्या प्रत्येक सदाचारी पुरुषाला, अगदी किशोरवयापासून, ते दिले जाते. घरात आशीर्वाद द्यायचा, बाप्तिस्मा करायचा, चर्चमधली बरीच पदे सांभाळायची तर हे पौरोहित्य लागते. काळ्या माणसाला ते मिळत नसे. त्याला पंथात येता येई, प्रार्थनेला बसता येई, वर्गणी देता येई. पण पौरोहित्य नाही, आणि मंदिरातले जे सर्वांत महत्त्वाचे संस्कार ते काळ्या पुरुषालाही नाहीत आणि काळ्या स्त्रीलाही नाहीत. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या हयातीत एलायजा एबल यांच्यासारख्या काळ्या माणसाला पौरोहित्य मिळाले होते. म्हणजे ही बंदी मुळातली नव्हे. १८५२ साली ब्रिगहॅम यंग या दुसऱ्या प्रमुखाने ती जाहीर केली. त्याचेच नाव या विद्यापीठाला आहे.

बंदीचे समर्थन कसे केले जाई, ते आमच्या वाचकांनी नीट पाहावे. एक समर्थन असे की काळे लोक हे बायबलमधल्या शापित काइनचे वंशज आहेत. दुसरे त्याहून मासलेवाईक. माणूस पृथ्वीवर जन्माला येण्याआधी आत्म्याच्या रूपात असतो, त्या अवस्थेत जे पुरेसे निष्ठावान राहिले नाहीत ते काळ्या कातडीत जन्माला आले, असे पंथातले मोठमोठे लोक सांगत. म्हणजे तुझ्या वाट्याला जे आले ते तुझ्याच पूर्वीच्या करणीचे फळ! हे वाचून आमच्या वाचकांना हसावे की रडावे असे होईल. चातुर्वर्ण्याच्या पुराणिकांनी आणि युटाच्या धर्मप्रमुखांनी एकमेकांची तोंडेही पाहिली नव्हती. तरीही माणसाला जन्मावरून खाली ढकलायचे आणि त्याचा दोष त्याच्याच आधीच्या जन्मावर टाकायचा, ही युक्ती दोघांनाही सुचली. पूर्वजन्मीची साक्ष कोणी काढू शकत नाही, हीच तर तिची सोय.

वायोमिंगच्या मुलांना हे सारे आधीपासून ठाऊक होते असे नाही. विद्यापीठातल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेचा प्रमुख विली ब्लॅक याने त्या आठवड्यात त्यांना ते समजावून सांगितले. त्याने एक पत्रक काढले आणि सामन्याच्या वेळी निषेध करण्याचे आवाहन केले. एक अनुभव मात्र त्यांच्या गाठीशी होता. आदल्या वर्षी प्रोव्होला खेळताना समोरच्या खेळाडूंनी आपल्याला वर्णावरून शिव्या दिल्या, असे त्यांच्यापैकी काहींनी सांगितले आहे. त्या शिव्यांचे मूळ कुठे आहे, ते आता कळले.

आणि ही मुले काही पहिली नव्हती. १९६८च्या एप्रिलमध्ये टेक्सासमधल्या एल पासोच्या विद्यापीठातील काळ्या धावपटूंनी ब्रिगहॅम यंगविरुद्धच्या स्पर्धेत उतरायचे नाकारले होते आणि त्यापायी संघातले स्थान गमावले होते. त्यांत बॉब बीमन होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये ८.९० मीटर लांब उडी मारून ज्याने जगाला तोंडात बोट घालायला लावले, तोच हा बीमन. त्याच मेक्सिकोत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या दोघांनी विजयाच्या चौथऱ्यावर काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. दोघे सॅन होजे स्टेटचे. त्यांच्या कॉलेजातल्या काळ्या फुटबॉलपटूंनीही नोव्हेंबर १९६८मध्ये ब्रिगहॅम यंगविरुद्धच्या सामन्यावर बहिष्कार घातला होता. हवा अशी होती.

वायोमिंगच्या मुलांनी तर बहिष्काराची भाषाही केली नव्हती. दंडावर काळी फीत बांधायची, इतकाच विचार होता. संघाच्या कर्णधारांपैकी एक असलेला जो विल्यम्स गुरुवारी ईटनला भेटला. ईटनने सांगितले, संघाच्या नियमात निदर्शनाला बंदी आहे, फीत चालणार नाही. शुक्रवारी, १७ ऑक्टोबरला सकाळी चौदाहीजण साध्या कपड्यांत, दंडावर फिती बांधून प्रशिक्षकाकडे गेले. कशासाठी? विचारायला. सामन्याच्या वेळी काही करता येईल का, काय केलेले चालेल, हे बोलायला. त्यांनी खेळायला नकार दिलेला नव्हता. उलट त्यांना खेळायचेच होते. देशात बाराव्या क्रमांकावर असलेला, एकही सामना न हरलेला संघ कोण सोडून देईल?

ईटनने त्यांना शेजारच्या क्रीडागृहात नेऊन प्रेक्षकांच्या बाकांवर बसवले. आणि आरंभालाच सांगून टाकले की तुम्ही आता संघात नाही. चर्चा नाही, विचारपूस नाही. पुढे जे बोलला ते खेळाडूंनी न्यायालयापुढे सांगितले आहे. ग्रॅम्बलिंग किंवा मॉर्गन स्टेट या काळ्यांच्या कॉलेजांत जा, नाहीतर काळ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर जगा, अशा आशयाचे ते बोलणे होते. दहा मिनिटांत सगळे आटोपले. चौदाजणांनी जो प्रश्न विचारायला म्हणून पाय उचलले होते, तो प्रश्न त्यांच्या ओठांवरच राहिला.

शिस्त नको का, असे विचारणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. नियम होता, नियम मोडला, शिक्षा झाली, यात वर्णद्वेष कुठे, असा त्यांचा युक्तिवाद. आमचे म्हणणे असे की नियम मोडायचा होता तो शनिवारी. शुक्रवारी सकाळी ही मुले मैदानात नव्हती, प्रशिक्षकाच्या दारात होती. परवानगी मागायला येणे हाच गुन्हा ठरत असेल, तर तो नियम शिस्तीसाठी केलेला नसून आवाजासाठी केलेला आहे. मैदानावर पळायला, पडायला, हाडे मोडून घ्यायला काळे शरीर हवे होते. त्या शरीराला तोंडही असते, हे कोणाला चालत नव्हते.

आमच्या वाचकांना इथे पालवणकर बाळू आठवल्यावाचून राहणार नाहीत. पुण्याच्या मैदानावर त्यांचा डावखुरा चेंडू हिंदूंच्या संघाला हवा असे, पण चहा त्यांना मैदानाबाहेर, मातीच्या भांड्यात. १९२० साली मुंबईच्या सामन्यांच्या वेळी कर्णधारपद पुन्हा डावलले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. लॅरामीच्या मुलांना पालवणकरांचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. पण त्यांची कहाणी ऐकली असती, तर ती समजून घ्यायला त्यांना दुभाष्या लागला नसता.

त्या शुक्रवारी रात्री विद्यापीठाच्या विश्वस्तांची तातडीची बैठक बसली. राज्याचे गव्हर्नर स्टॅन्ली हॅथवे जातीने हजर होते. एका फुटबॉल प्रशिक्षकाच्या निर्णयासाठी राज्याचा प्रमुख रात्रभर जागतो, यावरून त्या खेळाचे वजन ओळखावे. खेळाडूंना बोलावण्यात आले, ईटनला वेगळे बोलावण्यात आले. दोघांना समोरासमोर बसवले गेले नाही. फितीशिवाय आम्ही खेळणार नाही असे खेळाडू म्हणाले, असे विश्वस्तांनी नंतर सांगितले. खेळाडूंनी ते नाकारले. शनिवारी पहाटे निर्णय झाला, प्रशिक्षकाचा शब्द कायम. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाने निदर्शनांविषयीचा तो नियम बदलल्याचे जाहीर केले. चौदाजणांची बडतर्फी मात्र तशीच राहिली! ज्या नियमापायी शिक्षा झाली तो नियम गेला, शिक्षा उरली.

विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनी आणि अनेक प्राध्यापकांनी या कारवाईचा निषेध केला, हे नोंदवले पाहिजे. बाहेरच्या गोऱ्या समाजाने बहुतांशी ईटनची बाजू घेतली. आणि गोरे सहकारी खेळाडू? ते खेळले. ४० विरुद्ध ७ जिंकले. त्यांना आम्ही आज खलनायक ठरवत नाही. तीही विशीतली मुले होती आणि त्यांच्याही शिष्यवृत्त्या त्याच खिशात होत्या. पण कालपर्यंत ज्याच्या खांद्याला खांदा लावून आपण टक्कर घेत होतो तो आज कपडे बदलायच्या खोलीत नाही, याची चुटपुट त्यांतल्या कोणी बोलून दाखवली असती, तर इतिहासाने तेवढेही लिहून ठेवले असते.

चुटपुट दाखवली ती समोरच्यांनी. पुढच्या शनिवारी सॅन होजे स्टेटचा संघ लॅरामीला आला. त्यांच्या खेळाडूंनी चौदाजणांच्या पाठिंब्यासाठी दंडावर रंगीबेरंगी फिती बांधल्या होत्या. स्मिथ आणि कार्लोस यांच्या कॉलेजची मुले ती. वायोमिंगने तो सामना १६-७ असा जिंकला. सहा सामने, सहा विजय. लोक म्हणू लागले असतील की पाहा, त्यांच्यावाचून काही अडले का?

अडले. उरलेले चारही सामने वायोमिंगने गमावले. हंगाम सहा विजय, चार पराभवांवर संपला. १९७०च्या हंगामात तर दहापैकी एकच सामना जिंकता आला. त्यानंतर ईटन प्रशिक्षकपदावरून दूर झाला, तो पुन्हा विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला नाही. दहापैकी दहा जिंकणारा संघ तीन वर्षांत दहापैकी नऊ हरू लागला. काळे खेळाडू आता वायोमिंगला यायला तयार होईनात. का होतील? आई-बाप मुलाला त्या गावी कोणत्या भरवशावर धाडतील? यावर आमचे काही मित्र म्हणतील, बरे झाले, खोड मोडली. आम्हाला तसा आनंद होत नाही. गुणफलकावर वायोमिंग हरले हे खरे, पण ज्या चौदा मुलांचा तो हंगाम होता, त्यांना तो कोणी परत दिला नाही. विशीतल्या खेळाडूचा एक हंगाम म्हणजे काय, हे गावच्या कबड्डीच्या संघात खेळलेल्या कोणालाही विचारावे.

खेळाडू न्यायालयात गेले. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना एनएएसीपी पाठीशी होती. इथे एक गंमत सांगितली पाहिजे. त्याच वर्षी, फेब्रुवारी १९६९मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टिंकर खटल्यात निकाल दिला होता. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ शाळेत काळी फीत बांधून आलेल्या मुलांना शाळेने घरी पाठवले होते. न्यायालय म्हणाले, शाळेच्या फाटकातून आत आल्याने विद्यार्थ्याचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत नाही. तीच काळी फीत, तोच दंड. वायोमिंगच्या मुलांचा खटला सोपा वाटावा असाच होता.

पण चेयेनच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश युइंग कर यांनी दावा फेटाळला. अपील झाले, काही मुद्द्यांवर प्रकरण परत आले, पुन्हा फेटाळले गेले, आणि १९७२मध्ये अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. कारण काय दिले? राज्यसंस्थेने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहिले पाहिजे, म्हणून राज्याच्या विद्यापीठाचा गणवेश घातलेल्या खेळाडूंना एका धर्ममताच्या विरोधात फीत बांधू देता येणार नाही. आम्ही कायद्याचे पंडित नाही. पण धर्मनिरपेक्षतेचे कलम माणसाला जन्मावरून हीन ठरवणाऱ्या मताच्या संरक्षणाला धावून यावे आणि त्या मताने ज्याला हीन ठरवले त्याने मात्र गप्प राहून तटस्थता पाळावी, हा न्याय आमच्या गळी उतरत नाही. ज्या १९७२ साली हा निकाल लागला, त्याच वर्षी मुंबईत काही तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली. त्याच्याही पुष्कळ आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. हे दोन्ही लढे एकमेकांकडे नजर ठेवून होते, ते काही उगाच नव्हे.

चौदाजणांपैकी टोनी मॅगी टेक्सासमधल्या बिशप कॉलेज या काळ्यांच्या कॉलेजात गेला, तिथून व्यावसायिक फुटबॉलमध्ये शिरला आणि तब्बल चौदा हंगाम खेळला. जो विल्यम्स डॅलसच्या विजेत्या संघात होता. मेल हॅमिल्टन शिक्षणाच्या क्षेत्रात गेला, आणि तेही वायोमिंगमध्येच. ज्या राज्याने हाकलले त्याच राज्यातल्या मुलांना शिकवायला तो उभा राहिला. बाकीच्यांची नावे क्रीडापानांवर फारशी आली नाहीत. आली असती की नाही, हे ठरवायची संधीच त्यांना मिळाली नाही.

आणि त्या धर्ममताचे काय झाले? नोव्हेंबर १९६९मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ब्रिगहॅम यंगशी खेळाचे संबंध पुढे न ठेवण्याचे जाहीर केले. १९७०मध्ये ब्रिगहॅम यंगच्या फुटबॉल संघात पहिला काळा खेळाडू आला. जून १९७८मध्ये चर्चच्या प्रमुखांनी दैवी साक्षात्कार झाल्याचे सांगून पौरोहित्य सर्व वर्णांच्या पुरुषांना खुले केले. देवाला जाग आली की फितींनी जागे केले, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. डिसेंबर २०१३मध्ये चर्चने एक निबंध प्रसिद्ध करून शापाचा आणि जन्मापूर्वीच्या करणीचा तो सिद्धांत आपण आता मानत नाही, असे लेखी सांगितले. हे त्यांनी केले, याचे श्रेय आम्ही देतो. आपल्याकडचे किती मठाधिपती आपल्या पोथ्यांविषयी असे लिहून देतील?

आता २०१५च्या नोव्हेंबरात यायचे. मिसूरी विद्यापीठात वर्णद्वेषी प्रकार घडत होते आणि विद्यापीठाचे अध्यक्ष टिम वुल्फ दखल घेत नाहीत अशी काळ्या विद्यार्थ्यांची तक्रार होती. १९५० साली तिथे पहिल्यांदा काळ्यांना प्रवेश मिळाला, म्हणून आंदोलनाने आपल्या नावातच तो आकडा घेतला होता. जोनाथन बटलर हा विद्यार्थी २ नोव्हेंबरपासून उपोषणाला बसला. मोर्चे, निवेदने, सगळे चालू होते. ७ नोव्हेंबरला फुटबॉल संघातल्या तीसेक काळ्या खेळाडूंनी जाहीर केले की अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक गॅरी पिंकेल यांनी काळे-गोरे सगळे खेळाडू आणि सहायक एकत्र उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध केले आणि संघ एक आहे असे सांगितले. तिसऱ्या दिवशी, ९ नोव्हेंबरला, अध्यक्षांनी राजीनामा दिला.

पुढचा सामना १४ नोव्हेंबरला कॅन्सस सिटीत होता. तो झाला नसता तर मिसूरीला दहा लाख डॉलर मोजावे लागणार होते. आणि तो कोणाशी होता? ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी! आम्ही हे रचून सांगत नाही. वेळापत्रक काही वर्षे आधीच ठरलेले असते. या वेळी प्रतिस्पर्ध्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता, त्यांच्या संघात काळे खेळाडू होते, आणि सामना मिसूरीने २०-१६ असा जिंकला.

खेळाच्या दृष्टीने मिसूरीचा तो हंगाम भिकारच. पाच विजय, सात पराभव. पण १९६९च्या चौदाजणांना जे मिळाले नाही ते या मुलांना मिळाले. प्रशिक्षक त्यांच्या बाजूने उभा राहिला, गोरे सहकारी उभे राहिले, आणि आपल्या वाचून किती पैसा अडतो हे त्यांना नेमके ठाऊक होते. प्रस्थापितांनीही ते ओळखले. डिसेंबरातच मिसूरीच्या विधिमंडळात एक विधेयक आले. आजारपण वगळता अन्य कारणाने जो खेळाडू खेळायला नकार देईल त्याची शिष्यवृत्ती काढून घ्यावी, असे त्यात होते. टीका झाल्यावर ते काही दिवसांतच मागे घेतले गेले. सेहेचाळीस वर्षांनी खेळाडू बदलले, प्रशिक्षक बदलला. किल्ली कोणाच्या खिशात आहे याची आठवण करून देणारे मात्र तयारच होते. २०२१पासून तिथल्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवता येऊ लागले, आणि २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देऊ लागली. पैसे येतील, पण नकार देण्याचा हक्क त्यासोबत येतो की जातो, हे पाहायचे आहे.

वायोमिंग विद्यापीठाने माफी मागितली ती सप्टेंबर २०१९मध्ये, पन्नासाव्या वर्षी. त्याआधी २००२ साली विद्यार्थी भवनात चौदाजणांच्या स्मरणार्थ एक शिल्प बसले होते, पण लेखी माफी नव्हती. ईटन २००७मध्ये वारला. समारंभाला आलेले खेळाडू आता सत्तरीच्या आसपासचे. त्यांना विद्यापीठाची अक्षरे असलेली जाकिटे देण्यात आली, जी खेळून संपल्यावर प्रत्येक खेळाडूला मिळतात आणि त्यांना मिळाली नव्हती. मैदानावर त्यांच्या नावाचा फलक लागला. चौदांपैकी काहीजण तोवर हयात नव्हते.

२०२०पासून हेच चौदाजणांपैकी उरलेले लोक गरजूंना धान्य आणि खाद्यपदार्थ वाटण्याचे काम करू लागले. ते धान्य देते कोण? मॉर्मन चर्च. यावर आमच्यात मतभेद आहेत, ते लपवण्याचे कारण नाही. आमच्यातले काही म्हणतात की ज्यांनी शापित म्हटले त्यांच्याच हाताने पोती भरून घ्यायची म्हणजे इतिहास स्वस्तात विकणे झाले. इतरांचे म्हणणे असे की चौदाजण कोणाच्या दारी मागायला गेले नाहीत, बरोबरीने बसून काम करत आहेत, आणि १७ ऑक्टोबर १९६९ला त्यांना हवे होते तेही इतकेच की कोणीतरी समोर बसून बोलावे. आम्ही स्वतः अजून या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहोत. पोती मात्र उतरवली जात आहेत, आणि ती उतरवून घेणाऱ्यांत लॅरामीचीही घरे आहेत.